डॉक्टरांनी न सांगितलेली डबी

डोळ्यात टाकायचं औषध न्यायला आलेल्या म्हातारीच्या हातात मी लघवीची डबी दिली, आणि तेवढ्यात मागून डॉक्टर आले.

"कुणी सांगितली लघवी?"

मी तिच्या हातातल्या डबीकडं बघितलं.

"तुला विचारतोय. हिची लघवी तपासायला कुणी सांगितलं?"

मंगळवार होता. मंगळवारी आमच्या गावचा बाजार, त्यामुळं दवाखान्यात पाय ठेवायला जागा नसते. बाकांवर बायका, खाली बायका, पायरीवर बायका. सगळ्या बघायला लागल्या. म्हातारी बिचारी डबी हातात धरून उभी. एकदा माझ्याकडं बघते, एकदा डॉक्टरांकडं.

"डोळ्याच्या पेशंटला लघवीची डबी! काल तापाच्या बाईला दिलीस. परवा बाळाचा डोस द्यायला आली, तिला दिलीस. आणि मी लॅबवाल्याला ओरडतोय की डब्या जातात कुठं! डॉक्टर झालीस का गं तू?"

कुणीतरी फिसकन हसलं. मी साठीला टेकलेली बाई. डॉक्टर माझ्या थोरल्या लेकीहून लहान. गं म्हणाले.

ट्रेमध्ये तीन भरलेल्या डब्या होत्या. त्या बघितल्या आणि म्हणाले, "जा, ओतून ये. आणि इथं येऊन हात धू. इथं, माझ्यासमोर."

मी मागं जाऊन ओतल्या. परत आले. ओपीडीतल्या बेसिनपाशी उभी राहिले. हात धुतले.

"साबण लाव."

लावला.

"परत लाव. तुम्हा लोकांना हेही शिकवायचं. जरा जवळ केलं की डोक्यावर बसता."

परत लावला, आणि त्यांनी बोट दाखवलं तसा तिसऱ्यांदाही लावला. इतकी वर्षं त्या दवाखान्यात साबण मीच ठेवते, बरं का. कुठल्या दिवशी किती झिजला ते मला ठाऊक. त्या दिवशी तीनदा लावला.

"तुझं काम फरशी आणि संडास. पेशंटशी बोलायचं नाही. तोंड उघडायचं नाही. कळलं?"

मी ओल्या हातांनी उभी.

"कळलं म्हण."

"कळलं," म्हणाले मी.

वळले तर स्टोअररूमच्या दारात ती उभी. छातीशी फाईल धरलेली. आमची नवी मनाची सिस्टर. तिनं सगळं बघितलं होतं. माझी नजर गेली तशी तिनं मान खाली घातली आणि आत गेली. दार लोटून घेतलं.

डॉक्टरांचा राग मला दोन दिवस पुरला. तिचा मात्र त्याहून कितीतरी जास्त पुरला.

आता तुम्ही म्हणाल, डोळ्याच्या बाईला डबी दिलीस ते चुकलंच की. थांबा. सांगते.

चांदवडहून लासलगावकडं जाताना आत वळलं की आमचं गाव. गावच्या दवाखान्यात मी अंशकालीन स्त्री परिचर. म्हणजे अर्ध्या वेळची बाई. सकाळी कुलूप मी उघडते, संध्याकाळी मी लावते, मधला वेळ कुणाचा ते सरकारला माहीत. शाळा माझी चौथीत सुटली. वाचायला मी खरी शिकले ती औषधांच्या खोक्यांवर आणि केसपेपरांवर. डॉक्टरांचं अक्षर ज्याला लागतं त्याला सगळं वाचता येतं.

संडास दवाखान्याच्या मागच्या अंगाला. मध्ये मोकळं आवार, शेवग्याचं झाड, पुढं पाण्याची टाकी. शंभरेक पावलं असतील. माझं खरं काम त्या शंभर पावलांत व्हायचं.

दवाखान्यात सून कधी एकटी येत नाही. सासू येते, नाहीतर नणंद, नाहीतर नवरा. सुनेला विचारलं की सासू बोलते. "काय होतंय?" "काय नाय ओ, काम नको वाटतंय तिला." पण लघवीला कुणाची सासू सोबत येते? ती म्हणते, "जा, ती मावशी दावंल." मग मी पुढं, बाई मागं. शेवग्यापर्यंत गप्प. टाकीपाशी आल्या की बोलतात. सगळ्या टाकीपाशीच का बोलतात, देव जाणे. तिथून दवाखान्याचं दार दिसत नाही म्हणून असेल.

काय काय ऐकलंय मी त्या टाकीपाशी! ज्या घरात अजून माझ्या हातचं पाणी चालत नाही, त्या घरची सून माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली आहे. रडून झालं की टाकीच्या नळावर तोंड धुवायची, डबी भरायची, आणि आत जाऊन सासूशेजारी बसायची, काही झालंच नाही अशी.

हे मला पहिल्यांदा कळलं ते अशीच एक बाळंतीण खरंच लघवी तपासायला आली तेव्हा. मग मी डब्या वाटायला लागले. जिचा चेहरा मला बरा दिसला नाही, तिला डबी. ताप असो, खोकला असो, डोळा असो. त्या म्हातारीचा लेक दोन महिन्यांपूर्वी गेला होता. तिचे डोळे औषधानं बरे होणारे नव्हतेच. म्हणून दिली. तपासायला काही जायचं नाही, मी ओतून टाकायची. डॉक्टर बदलत गेले. कुणी विचारलं नाही. आधीच्या नर्सबाईंना मी दोन-चारदा सांगून बघितलं, अमकीच्या जिवाला घोर आहे. त्या लिहायच्या: अंगदुखी. गोळी द्यायच्या.

मग ही आली.

आधी कसं होतं, डोक्याचा आजार म्हटलं की नाशिक. एसटी बदला, रांग लावा, सगळा दिवस घालवा, वर गावात बोभाटा. आता वरून ठरलं, की बीपीची गोळी जिथं मिळते तिथंच मनाचीही मिळावी. त्यासाठी खास मनाच्या आजाराचं शिकलेली नर्स आमच्या छोट्या दवाखान्यात बसणार. बीपीवाल्याला, बाळंतिणीला, फिट येणाऱ्याला, सगळ्यांना नऊ प्रश्न विचारणार. गरज वाटली तर डॉक्टरांना सांगणार, नाशिकच्या मोठ्या डॉक्टरांना फोनवर विचारणार. घरी जाऊन बघणार, की गोळ्या पोटात जातात का गोठ्यामागं. चांगलं आहे की नाही? चांगलंच आहे. मला माहीत होतं चांगलं आहे म्हणून. तरी मला बघवेना.

तिला फिरती खुर्ची आली. टेबल आलं. स्टोअररूममधली खोकी मीच हलवली, जाळी मीच काढली, फरशी मी घासून दिली, आणि ती त्या फरशीवर पाय ठेवून खुर्चीत बसली. दारावर पाटी लागली. वर तिचं नाव, खाली लिहिलेलं: मन मोकळं करा.

अगं बाई! मन मोकळं करायची जागा मी होते ना? इतकी वर्षं? माझ्या नावाची पाटी कुठं लागणार होती, शेवग्याला?

आणखी एक सांगते, लाज वाटते तरी सांगते. ती आमच्याच समाजाची. बाप मास्तर, नाशिकच्या इंदिरानगरला घर. पहिल्या दिवशी मला एकटीला गाठून हळूच "जय भीम, मावशी" म्हणाली. हळूच. दार लोटून. परकी असती तर मी मनातल्या मनात शिव्या देऊन मोकळी झाले असते. आपलीच होती म्हणून जास्त जळले. एका पिढीत ती तिथं आणि मी इथं, हे कसं झालं? माझी धाकटी हुशार होती. सिस्टर व्हायचं म्हणायची. सतराव्या वर्षी तिला उजवली ती मीच. तिच्या बापाला नावं ठेवते मी चारचौघांत, पण हो मी म्हटलं होतं. ही पोरगी ॲप्रन घालून समोरून गेली की मला धाकटी दिसायची. मग मी फरशी जास्त जोरात पुसायची.

हेवा कशाकशाचा करावा माणसानं? तिच्या पेनाचा केला. गळ्यातल्या ओळखपत्राचा केला. तिच्या अक्षराचा तर इतका, की घरी नातवाच्या वहीच्या मागच्या पानावर मी तिच्यासारखा 'क्ष' काढत बसायची.

आणि कामाला ती वाईट असती तर सोपं गेलं असतं. नव्हती. बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलणारा एक हमाल होता, तीन वर्षं घरात कोपरा धरून बसलेला. लोक म्हणायचे, बाहेरचं झालंय. तिनं त्याच्या घरी खेपा घातल्या, गोळ्या चालू केल्या, आईला समजावलं. चार महिन्यांत गडी अंघोळ करून, दाढी करून, स्वतःच्या पायानं आला. तिच्या टेबलापुढं हात जोडून उभा राहिला. "ताई, तुमच्यामुळं." मी तिथंच पुसत होते. म्हणाले, "पाय उचल." त्यानं पाय उचलला. माझ्याकडं बघितलंही नाही. तीन वर्षं त्याच्या आईला धीर कुणी दिला होता? टाकीपाशी?

त्या दिवशी मी बादली इतकी आपटली, की डॉक्टर ओरडले.

पण तिची एक चूक मला सापडली होती. ती ते नऊ प्रश्न सासूसमोर विचारायची.

"गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला निराश वाटलं का?" असं पुस्तकातलं विचारायची. आमच्या बायका निराश कधी नसतात हो. त्यांचं डोकं भणभणतं, हातापायाची आग होते, छातीत कालवतं, जीव थाऱ्यावर नसतो. निराश व्हायला सवड कुणाला? त्यात शेजारी सासू. बाई म्हणणार, नाही. ही लिहिणार, नाही.

मला ते दिसत होतं. आणि मी तिला सांगितलं नाही. उलट बरं वाटलं. शिकलीस ना, म्हटलं. चुक आता.

अश्विनीचं आता सांगते. बाविशीची पोर. सासरी कांदा साठवायची मोठी चाळ, घरात माणसं पुष्कळ. तिला आठ महिन्यांची मुलगी. पोरीच्या डोसला आली तेव्हा मी तिला पहिली डबी दिली. टाकीपाशी नुसती रडली. पुढच्या खेपेला डोकं दुखतं म्हणून आली. दुसरी डबी. तेव्हा रडली नाही. कोरडी होती. टाकीवर हात ठेवून म्हणाली, "मावशी, पोरगी रडती तरी मला काय वाटत नाय. कुणाचंच काय वाटत नाय. आपून नसलेलं बरं, असं वाटतं."

"येडी का तू," मी म्हणाले. "पोरीकडं बघ."

"बघते ना. म्हणून तर."

तिच्या डोळ्यात जे होतं ते मला कळलं. त्याच पावली स्टोअररूममध्ये जाऊन सिस्टरला सांगायचं होतं. दारापर्यंत गेलेही. आत ती फोनवर नाशिकच्या डॉक्टरांशी बोलत होती, खुर्ची जराशी फिरवत. हसून काहीतरी इंग्रजीत म्हणाली. मी पाटीकडं बघितलं. म्हटलं, नऊ प्रश्न आहेत ना तिच्याकडं. काढू दे तिला.

आले परत.

त्यानंतर सहा दिवसांनी माझी ती डबीची शोभा झाली, जिच्यापासून मी सुरुवात केली. साबण, तीनदा, कळलं म्हण, कळलं. आणि पुढच्या मंगळवारी अश्विनी परत आली. सासूसोबत. डोकं दुखतं म्हणून.

मी फरशी पुसत होते. ती बाकावर बसलेली. पोरगी सासूच्या मांडीवर. मी जवळ गेले तशी ती खाली वाकली, आणि अगदी हळू म्हणाली:

"मावशी, डबी नाय का आज?"

ऐकलंत ना? तिनं मागितली. इतक्या वर्षांत डबी मागणारी ती पहिली बाई.

मी पुसत राहिले. म्हणाले, "डॉक्टरांनी सांगितली नाही."

तिनं माझ्याकडं बघितलं. मी बघितलं नाही. पाय उचल म्हणाले. तिनं उचलला.

मग आतून सिस्टरनं हाक मारली. सासू-सून आत गेल्या. मी दाराशी पुसत होते, सगळं ऐकू येत होतं. सिस्टर गोड आवाजात एकेक प्रश्न विचारत होती. झोप. भूक. थकवा. शेवटी नववा:

"मरून जावं, किंवा स्वतःला काही करून घ्यावं, असा विचार येतो का?"

अश्विनीचा आवाज आला नाही. सासूचा आला. "नाय ओ ताई! आमच्यात असलं काय नाय. लय सुखात हाय ती. खायला हाय, प्यायला हाय."

पेनाचा आवाज झाला. एक खूण.

मी दारात होते. तोंड उघडायचं नाही, असं सांगितलं होतं ना? नाही उघडलं.

चौथ्या दिवशी दुपारी कांद्याच्या पिकअपमधून अश्विनीला आणलं. मागच्या हौद्यात, रिकाम्या गोण्यांवर. काय घेतलं होतं, ते सांगत नाही. तिचं डोकं मी धरलं. सिस्टरनं सुई लावली, डॉक्टर धावले, त्या वेळी त्यांनी हयगय केली नाही, खरं तेच सांगेन. ॲम्ब्युलन्सनं नाशिकला नेली. सासू पायरीवर ऊर बडवत होती, "आमच्यात असलं काय नव्हतं ओ." पोरगी कुणीतरी माझ्याकडं दिली. पोरगी माझ्या पदराशी खेळत होती.

जगली. आधीच सांगते, जगली अश्विनी. पण त्यात माझं काही नाही.

संध्याकाळी मी स्टोअररूम पुसायला गेले. सिस्टर खुर्चीत नव्हती, खाली खोक्यावर बसली होती. डोळे सुजलेले. टेबलावर अश्विनीचा कागद. मी वाचला. वाचता येतं मला. वर नाव, वय. खाली एक ओळ होती, माहिती देणाऱ्या माणसाची. तिथं तिच्या सुंदर अक्षरात लिहिलेलं:

सासू. माहिती विश्वासार्ह.

ते दोन शब्द मी किती वेळ वाचत उभी होते, माहीत नाही.

"मी विचारलं होतं, मावशी," ती म्हणाली. "नववासुद्धा विचारला होता."

"सासूसमोर विचारलास."

ती वर बघायला लागली. हुशार पोर. लगेच कळलं तिला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"तिनं सांगितलं होतं तुम्हाला?"

"टाकीपाशी. त्या डब्या त्यासाठीच होत्या."

"मग मला का नाही सांगितलंत?"

डॉक्टरांनी तोंड उघडू नको म्हटलं, असं उत्तर माझ्या तोंडात तयार होतं. चार दिवस तेच घोळवत होते. पण अश्विनीनं मला सांगितलं ते त्या साबणाच्या आधी. तेव्हा कुणी माझं तोंड धरलं नव्हतं.

"तुझा हेवा वाटतो म्हणून," मी म्हणाले.

मला वाटलं, ती रडेल, नाहीतर जवळ घेईल. तसलं काही नाही. ताडकन उठली. "वा, मावशी. हेवा तुमचा, आणि मरायला ती गेली."

बरोबर होतं. मला लागलं, पण बरोबर होतं. तरी माझीही जीभ थांबली नाही.

"आणि तू गं? माझे हात धुवून घेतले तेव्हा दारात उभी होतीस. दार का लोटलंस?"

"मी नवीन आहे. कंत्राटावर आहे. मला काढलं असतं."

"मी अर्ध्या वेळची आहे. मलाही काढतील."

ती परत खोक्यावर बसली. फिरती खुर्ची मध्ये रिकामी. मला एकदम दिसलं, त्या खोलीत अजून खोकीच जास्त होती. तिला दवाखान्यात खोली मिळालीच नव्हती, अडगळीतला कोपरा मिळाला होता. डॉक्टर तिच्यामागं म्हणायचे, "मॅडम गप्पा मारतात दिवसभर." ते ऐकून मी कितीदा खूश झाले होते. जिचा मी इतका हेवा केला, तिला डॉक्टरांनी माझ्याहून फक्त एक पायरी वर ठेवलं होतं. पायरी एकच, आणि मी तेवढ्यासाठी जळत होते.

घरी जाऊन जेवले नाही. एकच गोष्ट डोक्यात. मी गप्प बसले त्याला मी मान म्हणत होते. केला ना अपमान, आता बोलतच नाही, असा माझा ताठा. पण डॉक्टरांना तरी दुसरं काय हवं होतं? त्यांना गप्प बाई हवी होती, ती मी त्यांना दिली. मी रुसले नव्हते. मी हुकूम पाळला होता.

महिन्याची बैठक झाली ती पुढच्या आठवड्यात. तालुक्याचे साहेब आले होते. आमचे डॉक्टर, फार्मसीवाले, लॅबवाला, नर्सबाई, आणि कोपऱ्यात मनाची सिस्टर. मी चहा घेऊन आत गेले. साहेब विचारत होते, "ती केस काय होती? पेशंट चार दिवस आधी आपल्याकडेच येऊन गेली होती ना?"

"घरगुती भांडण, सर," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडून तपासणी झालेली आहे. प्रश्नावली भरलेली आहे. कुणी काही सांगितलंच नव्हतं."

मी ट्रे खाली ठेवला. भिंतीशी एक खुर्ची होती. ओढली. लोखंडी खुर्ची, फरशीवर आवाज फार झाला. बसले.

"मला सांगितलं होतं," मी म्हणाले.

डॉक्टर म्हणाले, "मावशी, चहा दे आणि जा."

"मला सांगितलं होतं. डबी द्यायच्या आधी दहा दिवस... नाही, चुकले. दुसरी डबी दिली त्या दिवशी. टाकीपाशी. आपून नसलेलं बरं, असं म्हणाली. मी कुणाला बोलले नाही. ती माझी चूक. मग तिनं परत येऊन डबी मागितली. मी दिली नाही, कारण डॉक्टरांनी सगळ्या बाजारासमोर माझे हात धुवून घेतले होते. ती त्यांची चूक. दोन्ही लिहा."

"ऊठ," डॉक्टर म्हणाले. आवाज खालचा. "तुला सांगितलं होतं ना, पेशंटचं बोलायचं नाही? कळलं नव्हतं का?"

"नाही कळलं," मी म्हणाले.

उठले नाही. पाय थरथरत होते, खोटं कशाला सांगू. बसले होते म्हणून दिसलं नाही. खुर्चीचा हा एक फायदा त्या दिवशी कळला.

साहेबांनी सिस्टरकडं बघितलं. "हे तुमच्या कागदात आहे?"

तिचा चेहरा पांढरा. तिनं डॉक्टरांकडं बघितलं. मग फाईल उघडली. पेनाचं टोपण काढलं. ते पेन, ज्याचा मी इतका हेवा केला.

"मावशी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. माझं, बापाचं नाही, नवऱ्याचं नाही, आधी माझं. इतक्या वर्षांत त्या खोलीत ते कुणी विचारलं नव्हतं. नर्सबाईंना वाटायचं, माझं नाव मावशीच आहे.

"पेशंटशी नातं?"

"लिही," मी म्हणाले, "संडासापर्यंत सोबत जाणारी."

लॅबवाला हसला. सिस्टर हसली नाही. तिनं तसंच लिहिलं. मग तिचं पेन थांबलं. पुढची जागा मला माहीत होती.

"ते पण लिही," मी म्हणाले. "खरं वाटत असेल तर लिही. माझ्यावर उपकार म्हणून नको."

तिनं लिहिलं. विश्वासार्ह.

तेवढ्यानं काही जग बदललं नाही. अश्विनी नाशिकहून थेट माहेरी गेली. सिस्टर तिथं जाऊन येते. मी एकदा सोबत गेले. अश्विनी सिस्टरशी बोलली, माझ्याशी नाही. माझ्याकडं बघितलं, आणि तोंड फिरवलं. तिचा हक्क आहे तो. पोरगी सासरीच आहे अजून. डॉक्टर माझ्याशी बोलत नाहीत, फरशीकडं बोट दाखवतात. सिस्टर आता प्रश्न विचारायच्या आधी सासूला म्हणते, "आजी, तुम्ही बाहेर बसा." काही सासवा बसत नाहीत. मग ती दारातून माझ्याकडं बघते आणि मी खोक्यातून डबी काढते.

आणि हेवा? तुम्हाला वाटलं असेल, गेला. नाही गेला. परवा तिचं कसल्याशा शिक्षणासाठी नाशिकला नाव निघालं, आणि मला रात्रभर डाचलं. मी तो घालवणारही नाही. पण आता एवढं कळलंय, की तिच्याखालची खुर्ची काढून मला मिळणार नाही. मला माझी पाहिजे. मागितली आहे मी, अर्ज लिहून. टाकीपाशी एक बाक आणि वर पत्रा. बायका किती वर्षं उभ्या राहून रडणार?

अर्जाला उत्तर आलं नाही. नोटीस आली. डॉक्टरांनी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "वाचून दाखवू का?"

"वाचता येतं मला," मी म्हणाले.

तिच्यात लिहिलं होतं: आपण आपल्या कामाच्या मर्यादेत राहावे, अन्यथा सेवेतून कमी करण्यात येईल. खाली, मजकूर समजला म्हणून सहीसाठी जागा.

मी सिस्टरचं पेन मागून घेतलं. त्या जागेत लिहिलं: समजला. मर्यादेत राहणार नाही. खाली सही केली. 'क्ष' नाही माझ्या नावात, पण अक्षर बरं आलं.

मंगळवार होता. बाहेर बायका बसल्या होत्या. डॉक्टर बघत होते. त्यांच्या देखत मी डब्यांचं खोकं काखेत मारलं आणि पहिल्या बाकापासून सुरुवात केली.